आणखी दोन पाय

१२ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

रायफल काल घरी आली. दहा वर्षं छऱ्याची बंदूक बिनतक्रार सांभाळली तरच रायफलचा परवाना मिळतो. मी सांभाळली. दहा वर्षांत एकही अपघात नाही. एकही शिकारही नाही, पण तशी अट फॉर्मवर नव्हती. रायफल पोलादी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, किल्ल्या तिसऱ्या जागी. ती जागा मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

वय एकसष्ट. पोस्टाच्या खिडकीमागे अडतीस वर्षं गेली. आता डोंगर.

संकल्प: शेजारच्या हात्सुए आजींच्या झाडावर येणारं अस्वल मी मारणार. काल शिकारी मंडळाच्या जेवणात सर्वांसमोर तसं जाहीर केलं. मंडळाचे म्होरके ओनोदेरा (वय शहात्तर, आजवर चाळीस अस्वलं) घास तोंडाशी नेता नेता थांबले आणि म्हणाले, "बरं." मला वाटतं, ते भारावले.

१३ ऑक्टोबर

जागेची पाहणी केली. आजींचं पर्सिमनचं झाड त्यांच्या यजमानांनी लावलेलं. फळं केशरी झालीत, फांद्या वाकल्यात. खोडावर नखांचे ओरखडे आहेत, माझ्या डोक्याच्या हातभर वर. अस्वलाने चढताना काढले असणार. जमिनीवर उभं राहून काढले असतील तर त्याची उंची किती, हे गणित केलं नाही.

आजी त्र्याऐंशीच्या. एकट्या राहतात. म्हणाल्या, "दरवर्षी तूच उतरवून देतोस रे फळं. यंदा कधी येतोस?" मी म्हटलं, घाई नको आजी, आधी अस्वलाचा बंदोबस्त, मग फळं. त्या म्हणाल्या, "फळं उतरली की अस्वल कशाला येईल?" म्हाताऱ्या माणसांना योजना कळत नाही.

१५ ऑक्टोबर

खोलीतल्या खोलीत रिकामी रायफल खांद्याला लावून सराव. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. रायफलवरच्या दुर्बिणीतली फुली तीन तारखेवर ठेवली. ती सत्तावीस तारखेपर्यंत गेली, परत आली, आणि महिन्याच्या बाहेर पडली.

कारण उघड आहे. रायफल जड आहे. नळीखाली आधार हवा. बायपॉड. दोन पाय, हवे तसे लांब-आखूड होणारे. अनुभवी शिकारी त्याशिवाय डोंगरात पाऊल टाकत नाहीत असं इंटरनेटवर एका माणसाने लिहिलंय.

सेत्सुकोला सांगितलं. ती मुळ्याचं लोणचं चिरत होती. म्हणाली, "अहो, आणखी दोन पाय कशाला? पळायला?"

उत्तर दिलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळ उत्तरं दिलेली नाहीत.

१६ ऑक्टोबर

बायपॉडचा अभ्यास. अॅल्युमिनियमचा की कार्बनचा. पंधरा ते तेवीस सेंटिमीटर की चौतीस ते अडुसष्ट. रबरी तळवे की टोकदार खिळे. एकाच्या पायांना खाचा असतात, बटण दाबलं की टक्‌ टक्‌ वाढतात. दुसऱ्याचे पिळून घट्ट करायचे. काही नुसते उभे राहतात, काही डावी-उजवीकडे कलतात, काही वळतातसुद्धा. छपन्न रिव्ह्यू वाचले. पाच तारे देणारे माझ्यासारखे गंभीर लोक दिसतात. एक तारा देणाऱ्याने लिहिलंय की बायपॉड वेळेवर उघडलाच नाही. कशासमोर उघडला नाही ते लिहिलेलं नाही. त्यानंतर त्याने दुसरा कुठलाच रिव्ह्यू लिहिलेला नाही.

२० ऑक्टोबर

खाचांचा अॅल्युमिनियमचा मागवला. घाईने ठरवायचं नाही असं ठरवलं होतं, पण काल संध्याकाळी कचरा ठेवायला गेलो तेव्हा आजींच्या कुंपणाजवळ काहीतरी काळं बसलेलं होतं. उलट्या ठेवलेल्या टबावर ताडपत्री होती, हे सेत्सुकोने जाऊन पाहिलं. कचरा रस्त्यातच राहिला होता, तोही तिने उचलला.

२५ ऑक्टोबर

चांदमारीच्या मैदानावर गेलो. शंभर मीटर. सिमेंटचं टेबल. बायपॉड लावला, मागे बसलो, गाल दस्त्याला टेकवला. आणि बायपॉड वाजायला लागला. खडखड, खडखड. स्क्रू आवळला तरी खडखड. शेजारच्या रांगेतले गृहस्थ कानावरचं झाकण काढून पाहायला आले. त्यांनी माझ्या बायपॉडवर हात ठेवला. मग माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, "स्क्रूचं काही नाही हो." मी विचारलं, मग कशाचं आहे? ते म्हणाले, "चहा प्या जरा."

दहा गोळ्यांपैकी चार कागदाला लागल्या. त्यातली एक शेजारच्यांच्या कागदाला.

सदोष माल. आजच परत पाठवतो.

२६ ऑक्टोबर

आजी पुन्हा दाराशी. पिकलेली फळं खाली पडायला लागलीत म्हणे, वास सुटलाय. कधी येतोस? म्हटलं, आजी, बायपॉड दुरुस्तीला गेलाय. "म्हणजे काय रे?" बंदुकीचे पाय, म्हटलं. त्या म्हणाल्या, "फळं तर बांबूने उतरवायची असतात ना?"

त्यांना एक तत्त्व समजावून सांगितलं: माणसाने निःशस्त्र, वर तोंड करून, गोड वासाच्या झाडाखाली, डोंगराकडे पाठ करून उभं राहू नये. एरवी मला काहीच अडचण नव्हती.

३१ ऑक्टोबर

दुकानाचं पत्र. "आपण पाठवलेला बायपॉड आमच्या तंत्रज्ञांनी तीन वेळा तपासला. खडखड आढळली नाही. तरीही ग्राहकांच्या समाधानासाठी पैसे परत करत आहोत."

तंत्रज्ञ दुकानात बसून तपासतात. डोंगराच्या बाजूला तोंड करून तपासलं असतं तर कळलं असतं.

सेत्सुकोने पत्र वाचलं आणि म्हणाली, "नाचता येईना..." मी म्हटलं, पुरे. तिने पुरं केलं नाही, पण अंगण झाडायला गेली.

३ नोव्हेंबर, सकाळी ५.४५

नवा येईपर्यंत वेळ वाया घालवायचा नाही. व्हॅक्युम क्लीनरची नळी रायफलएवढीच लांब आहे. पुढे जुना कॅमेऱ्याचा स्टँड बांधला. बाल्कनीत चटईवर आडवा होऊन कावळ्यांवर नेम. श्वास सोडायचा, अर्धा धरायचा, चाप ओढायचा. चाप म्हणजे चालू-बंदचं बटण. सतरा कावळे टिपले. हात अजिबात हलला नाही. माझ्यात काही दोष नाही हे सिद्ध.

६ नोव्हेंबर

पोलीस चौकीचे हवालदार आले. दरवर्षीची तपासणी. बंदुका मोजल्या, कपाटं ओढून पाहिली. मग रिवाजाप्रमाणे घरच्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोलले, माणूस भांडखोर आहे का, पितो का, डोकं ठिकाणावर आहे का.

सेत्सुकोला विचारलं, राग लवकर येतो का? ती म्हणाली, "राग यायला छाती लागते हो." हवालदारांनी ते लिहून घेतलं.

हात्सुए आजींनी सांगितलं, "फार सज्जन. रोज पहाटे पोटावर झोपून केर काढायच्या नळीने कावळे मारतो."

हवालदार परत आले. मला वाटलं, संपलं, परवाना गेला. आणि त्या क्षणी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, याची इथे नोंद करतो, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. पण हवालदार म्हणाले, "काही हरकत नाही. निरुपद्रवी," आणि शिक्का मारला.

आनंद झाला. चहा गार झाला तरी प्यायला सुचलं नाही, इतका आनंद झाला.

९ नोव्हेंबर

आजींच्या न्हाणीघरामागे विष्ठा. टोपलीभर. आत पर्सिमनच्या बिया. अजून वाफ निघत होती असं सेत्सुको म्हणते. मी लांबून पाहिली. आता ते दिवसाही येतंय.

आजी मात्र तिथेच उभ्या राहून गळालेली फळं बादलीत भरत होत्या. ओरडून सांगितलं, आत जा. त्या म्हणाल्या, "तू आहेस ना शेजारी." त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. जेवलो नाही.

आज बायपॉड ठरवतोच.

१० नोव्हेंबर

ठरवला नाही. दोन उरलेत. एक लांब पायांचा, अडुसष्ट सेंटिमीटरपर्यंत जातो, बसून नेम धरता येतो, वजन पाचशे ऐंशी ग्रॅम. दुसरा कार्बनचा, तेवीस सेंटिमीटरपर्यंतच, वजन दोनशे पंच्याहत्तर ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाचशे ऐंशी ग्रॅम तांदूळ मोजून दिवसभर कमरेला बांधून फिरलो. जिना उतरताना जाणवतं. अस्वल मागे असताना तीनशे ग्रॅमचा फरक पडू शकतो.

पण अस्वल पुढे असणार आहे. मी शिकारी आहे. हे वाक्य खोडणार होतो, राहू दिलं.

१३ नोव्हेंबर

कार्बनचा मागवला. हलका. आडवं पडून मारायला उत्तम. आडवा माणूस लहान दिसतो, हाही फायदा.

१८ नोव्हेंबर

आला. हातात धरला तर काही धरलंय असं वाटत नाही. काळा, चकचकीत, प्रत्येक पायाला पाच खाचा. टक्‌ टक्‌ आवाज ऐकत बसलो. चांदमारीवर पुन्हा गेलो आणि दहापैकी नऊ गोळ्या बशीएवढ्या गोलात. नऊ. हात स्थिर, श्वास स्थिर. तेच शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वा." मग म्हणाले, "कागदाला नखं नसतात, ते एक बरं असतं."

मत्सर.

२० नोव्हेंबर

ओनोदेरांचा फोन. "रविवारी अस्वल उठवायला हाका घालतोय. तू ये."

मी. चाळीस अस्वलंवाल्या ओनोदेरांनी मला बोलावलं. म्हणजे चांदमारीची बातमी पोचली. सेत्सुकोला सांगितलं. ती म्हणाली, "जाताय ना नक्की?" हा काय प्रश्न झाला.

पडशाची लक्षणं आहेत का ते पाहतोय. ताप दोनदा मोजला. छत्तीस पॉइंट चार. तिसऱ्यांदाही तोच.

२३ नोव्हेंबर, रविवार, पहाटे ५.३०

मंडळाच्या शेडसमोर सगळे जमले. केशरी टोप्या, केशरी जाकिटं. बोटभर बर्फ पडलाय. ओनोदेरांच्या ट्रकमध्ये मागे हातभर उंचीचं एक लाकडी बाहुलं होतं, कोरलेल्या तोंडाचं. मी विचारलं, हे कोण? ओनोदेरा म्हणाले, "आम्ही बाराजण. बाराजणांनी डोंगरात जायचं नसतं. डोंगरातल्या देवीला बारा लेकरं. बारा माणसं दिसली की आपलीच समजून ठेवून घेते. मग हे तेरावं न्यावं लागतं."

मी म्हटलं, आणि आज?

"आज तू आलास. हे गाडीतच राहू दे."

म्हणजे चांदमारीची बातमी पोचली नव्हती.

तरी काय झालं. देवीच्या हिशेबात मी माणूस आहे.

(खिशातल्या वहीतून, पेन्सिलीने)

६.५० जागेवर. ओनोदेरांनी दाखवली. खिंड आहे, मागे जाडजूड झाड. इथून हलायचं नाही, असं तीनदा बजावलं. ते गेले. फार लवकर गेले.

७.०५ बायपॉड लावला. जमीन उतरती. डावा पाय तीन खाचा लांब, उजवा आखूड.

७.१२ आडवा झालो. समोर बांबूगवत. दुर्बिणीतून पाहिलं. बांबूगवत, चौपट मोठं.

७.१५ दोन्ही पाय पूर्ण लांब केले. तेवीस सेंटिमीटर. गवत कमरेएवढं आहे.

७.२० लांब पायांचा घ्यायला हवा होता. तीनशे ग्रॅम. तांदूळ.

७.३५ हाकारे सुरू. पातेली, शिट्ट्या, आरोळ्या. लांब आहेत.

७.४१ फार लांब नाहीत.

७.५० रेडिओवर ओनोदेरा: "निघालं. तेराव्याकडे येतंय." तेरावा मी.

७.५१ डावा पाय एक खाच वर.

७.५२ उजवा दोन खाचा खाली. आता कललं. पुन्हा डावा.

७.५४ फांदी मोडली.

७.५५ बायपॉडचा स्क्रू तपासला. घट्ट आहे. पुन्हा तपासला.

७.५६ वास. ओल्या कुत्र्याचा, आणि पिकलेल्या पर्सिमनचा.

(यापुढचं माझंच अक्षर मला लागत नाही.)

२३ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

रेडिओवर विचारलं, "तेरावा, काय झालं? आलं का?" मी सांगितलं, नाही. काही आलं नाही. गवतामुळे दिसण्यात अडचण होती आणि बायपॉडची पातळी जुळत नव्हती.

ओनोदेरा चढून वर आले. एकटेच. माझ्याकडे पाहिलं नाही, बर्फाकडे पाहिलं. माझ्या पोटाचा लांब ठसा. त्याच्या पुढे बायपॉडची दोन भोकं. आणि त्याच्याही पुढे सहा पावलांवर पंजे, माझ्या टोपीएवढे, एका सरळ रेषेत खिंडीतून खाली गावाकडे गेलेले. घाईत नव्हतं ते. एका जागी थांबलेलंसुद्धा होतं, माझ्याकडे तोंड करून.

ओनोदेरा खाली वाकले. म्हणाले, "पायांचे ठसे छान उमटलेत." कुणाच्या, ते मी विचारलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातून रायफल घेतली. सुरक्षेचा खटका अजून बंदच होता. उघडलाच नव्हता. त्यांनी ती परत दिली आणि म्हणाले, "गावाकडे गेलंय. चल लवकर."

उतरताना ओनोदेरा पुढे, मी मागे. मी दोनदा पडलो. बायपॉडला काही झालं नाही, तो खरंच दणकट आहे.

घरी आलो तर दारात सेत्सुको, हातात मोठं पातेलं आणि लाटणं, केस सुटलेले. आठ वाजून वीस मिनिटांनी अस्वल आजींच्या अंगणात आलं. आजी झाडाखालीच होत्या, बादली भरत. त्या पळाल्या, दार लावून गाद्यांच्या कपाटात शिरल्या आणि आतून आमच्या घरी फोन केला. सेत्सुको पातेलं बडवत अंगणात गेली. अस्वलाने लोणच्याच्या खोलीचं दार उखडलं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि निघून गेलं.

मी म्हटलं, अस्वलाच्या जवळ जायचं नसतं, मंडळाच्या पत्रकात स्पष्ट लिहिलंय. ती म्हणाली, "मग कोण जाणार होतं?" आणि खाली बसली. तिच्या हातातलं पातेलं आता वाजत होतं, नुसतंच, खडखड.

मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. माझ्याही हातात वाजत राहिलं.

२४ नोव्हेंबर

लिहून ठेवतो. आलं होतं. मी पाहिलं होतं. गवतातून डोकं वर काढलं, छातीवरची पांढरी खूण दिसली, ओलं नाक दिसलं. उठून उभा राहिलो असतो तर आंधळासुद्धा चुकला नसता. मी खाली मान घालून उजव्या पायाच्या खाचा मोजत होतो. एक ते पाच. पुन्हा एक ते पाच. मला वाटलं, मी पायांकडे पाहत राहिलो तर ते जाईल.

ते गेलं. आजींकडे गेलं.

भीती वाटली. दुसरं काहीही नव्हतं. बायपॉड चांगला आहे.

२५ नोव्हेंबर

कालची नोंद जरा भावनेच्या भरात झाली. पातळी जुळत नव्हती हेही तितकंच खरं आहे. लांब पायांचा पुन्हा एकदा पाहावा का?

सेत्सुकोने माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटर बंद केला.

३० नोव्हेंबर, रविवार

मंडळाने पुन्हा हाका घातला. मला फोन नाही. सकाळी खिडकीतून त्यांचा ट्रक जाताना पाहिला. मागे बाहुलं उभं होतं. त्याला केशरी जाकीट घातलेलं. जाकिटाच्या पाठीवर शिवलेला तेरा हा क्रमांक मंडळाने मला दिलेला होता.

संध्याकाळी कळलं, अस्वल त्याच खिंडीत आलं, माझ्या जागेमागच्या झाडाला बांधलेलं बाहुलं पाहून बिचकलं आणि वरच्या जंगलात परत फिरलं. हाती लागलं नाही, पण गावातही उतरलं नाही. ओनोदेरा दुकानात सर्वांसमोर म्हणाले म्हणे, "हललं नाही. आणि रेडिओवर खोटं बोललं नाही."

हे सेत्सुकोला तांदळाच्या दुकानात ऐकायला मिळालं. तिने मला तसंच्या तसं सांगितलं. मग माझ्या ताटात मासा वाढला, तिच्या वाटणीचासुद्धा.

२ डिसेंबर

ओनोदेरा आले. उंबऱ्यातच बसले, बूट काढले नाहीत. आता बर्फ वाढेल, हाका घालता येणार नाही. एकच उपाय, सगळ्या गावाने झाडावरची फळं उतरवायची. नगरपालिका रोज भोंग्यावरून तसं सांगते. पण तिथली मुलगी इतक्या गोड आवाजात वाचते की लोकांना बटाट्याचा सेल लागल्यासारखं वाटतं. कुणी उतरवत नाही.

"तू पोस्टात होतास. वाचायची सवय आहे. तू वाच."

मी विचारलं, मंडळात दुसरं कोणी नाही? ते म्हणाले, "आमचे आवाज नाही चालणार. आम्ही घाबरलेलो नाही." आणि चहा पिऊन गेले.

सन्मान आहे की काय आहे, कळत नाही. बहुधा सन्मान.

३ डिसेंबर

नगरपालिकेत जाऊन वाचलं. कागदावर एवढंच होतं: "अस्वल वस्तीत येत आहे. झाडावरची फळं आजच उतरवा. दारापर्यंत येऊ शकतं. कृपया आजच." खोलीची खिडकी डोंगराच्या बाजूला होती. "दारापर्यंत" या शब्दाशी मी थांबलो. बादली घेऊन उभ्या असलेल्या आजी डोळ्यांसमोर आल्या. मग घसा साफ केला आणि "कृपया आजच" म्हटलं. ते मी वाचलं नाही, विनवलं. मी म्हटलं, पुन्हा नीट वाचतो. तिथले साहेब म्हणाले, "हात लावू नका. हेच चालवू."

दुपारी चार वाजता गावातल्या सगळ्या भोंग्यांवरून माझा आवाज. बाप रे. लहानपणी अंधारात चालताना मी आईला हाक मारायचो, तो आवाज. सेत्सुकोने गॅस बंद केला आणि दाराची कडी लावली. मी म्हटलं, अगं, मीच आहे तो. ती म्हणाली, "माहीत आहे."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक झाडाला शिडी. साहेबांचा फोन आला, अभिनय फार जमला म्हणाले. आभार मानले. कसला अभिनय.

४ डिसेंबर, सकाळी ९.१०

आजींच्या झाडालाही शिडी लागली. वर आजी. त्र्याऐंशीव्या वर्षी, डोक्याला रुमाल बांधून, हातात कात्री. खाली कोणी नाही.

मी खिडकीत किती वेळ उभा होतो ते लिहीत नाही. मग बूट घातले. रायफल घेतली नाही. तिथे बंदूक उडवायला परवानगी लागते, आणि तशीही कशासाठी न्यायची ते सुचेना.

आजी वरून म्हणाल्या, "काल तुझा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं रे. इतके दिवस तू आहेस म्हणून मी निर्धास्त होते. बंदूकवाला माणूस असा रडवेला झालाय म्हटल्यावर म्हटलं, हात्सुए, आता तूच चढ."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. म्हटलं, आजी, उतरा, मी चढतो. त्या म्हणाल्या, "तू कसला चढतोस." म्हटलं, निदान शिडी धरतो. घट्ट धरली, दोन्ही हातांनी. वर फांद्या सळसळल्या, दोन फळं धप्‌ धप्‌ खाली पडली.

आजी म्हणाल्या, "सोड रे बाबा. तू धरल्यापासून हलायला लागली."

सोडली. हलायची थांबली.

मग काय करू म्हटलं. त्यांनी वरून टोपली सोडली. त्या कापत गेल्या, मी वेचत गेलो. डोंगराकडे तोंड करूनच वेचलं, त्यामुळे अर्धी फळं पायाखाली चिरडली. त्या ओरडल्या. दोन तास लागले. एकदा वाऱ्याने ताडपत्री फडफडली तेव्हा मी आजींच्या आधी किंचाळलो. पण गेलो नाही. झाडाच्या शेंड्यावर एक फळ तेवढं रिवाजाप्रमाणे झाडासाठी ठेवलं, बाकी झाड रिकामं.

घरी आलो तर सेत्सुको दारातच. तिने माझ्या चिकट हातांकडे पाहिलं.

"काय धरलं होतंत एवढा वेळ?"

"टोपली," मी म्हटलं.